नावाआधी पोहोचलेला स्वर : 'महल' (१९४९) मधील गीत आणि लोकप्रियतेच्या मोजमापाचा प्रश्न

प्रस्तावना

एखाद्या किशोरवयीन गायिकेचे संथ, भावप्रधान गीत एकाएकी घराघरांत पोहोचते, विक्रीच्या क्रमवारीत अग्रस्थान मिळवते आणि त्या गायिकेचे नाव सर्वतोमुखी होते, ही घटना पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात वारंवार आढळते. अमेरिकेत १९६० साली ब्रेंडा ली हिचे 'आय ॲम सॉरी' हे गीत 'बिलबोर्ड'च्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. विफल प्रेमाचे दुःख एवढ्या लहान मुलीच्या तोंडी शोभेल काय, या शंकेने ध्वनिमुद्रिका कंपनीने ते गीत काही काळ अडवून ठेवले होते. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये हेलन शापिरो ही चौदा वर्षांची मुलगी 'यू डोन्ट नो' या गीताद्वारे तेथील क्रमवारीच्या शिखरावर पोहोचली.

महाराष्ट्रात अशा घटनेचा शोध घेऊ लागल्यास जे उदाहरण प्रथम समोर येते ते या दोहोंच्या एक तप आधीचे आहे. बॉम्बे टॉकीजच्या 'महल' या चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' हे गीत लता मंगेशकर यांनी गायिले तेव्हा त्यांची विशी पूर्ण झालेली नव्हती. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी झाला (योगायोग असा की हेलन शापिरोची जन्मतारीखही २८ सप्टेंबर हीच आहे) आणि चित्रपट ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रदर्शित झाला. गीताचे ध्वनिमुद्रण अर्थातच त्यापूर्वीचे. मात्र या दोन प्रसंगांत एक मूलभूत भेद आहे. ब्रेंडा लीचे गीत क्रमवारीत चढत असताना तिचे नाव त्या क्रमवारीत छापले जात होते. लता मंगेशकरांचे गीत गाजले तेव्हा भारतात क्रमवारीच अस्तित्वात नव्हती आणि तबकडीवर गायिकेचे नावही नव्हते. नाव आणि क्रमांक या दोन्ही गोष्टींच्या अभावी एखादे गीत 'गाजले' हे कसे ठरते, आणि ते गाजल्याने कोणाच्या पदरात काय पडते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

कामिनी कोण?

'महल'च्या गीतांच्या ७८ आवर्तनांच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असे नाव छापलेले होते. कामिनी हे चित्रपटात मधुबालाने साकारलेल्या पात्राचे नाव. ही कोणा एका कंपनीची लहर नव्हती. त्या काळच्या व्यवहारात हे सरसकट चालत असे. पडद्यावर ओठ हलवणारी नटीच गात आहे, असा भ्रम टिकवणे निर्मात्यास सोयीचे होते, आणि पार्श्वगायक हा त्या भ्रमामागचा पगारी कारागीर मानला जाई.

वास्तविक भारतीय ध्वनिमुद्रणाचा आरंभ याच्या नेमका उलट झाला होता. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्या वेळी गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. मराठी संगीत रंगभूमीवर तर गायकनटाचे नाव हेच नाटकाचे भांडवल असे. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ यांची 'बळवंत संगीत मंडळी' ज्या परंपरेत वाढली, तिथे प्रेक्षक नाटकापेक्षा दीनानाथांना ऐकायला जात. मग नाव पुसले गेले ते केव्हा? १९३५ साली न्यू थिएटर्सने रायचंद बोराल यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली पार्श्वगायनाचे तंत्र रूढ करण्यास प्रारंभ केला, तेव्हा गळा आणि चेहरा यांची फारकत झाली. चेहऱ्याला नाव राहिले, गळ्याचे गेले. दीनानाथांच्या कन्येने अशा व्यवस्थेत पाऊल ठेवावे, यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे.

तिने तेथे पाऊल ठेवले ते हौसेने नव्हे. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. पाच भावंडांत थोरली असलेली लता त्या वेळी बारा वर्षांची होती. मास्टर विनायक यांनी या कुटुंबास आधार दिला आणि तिला आपल्या चित्रसंस्थेत पगारावर घेतले. त्याच वर्षीच्या 'किती हसाल' या चित्रपटासाठी गायिलेले तिचे पहिले गीत अंतिम चित्रपटात राहिले नाही. 'पहिली मंगळागौर'मध्ये तिचा आवाज पडद्यावर आला. १९४५ मध्ये कुटुंब मुंबईस आले आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायकरावही वारले. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी या मुलीपुढे प्रश्न कीर्तीचा नव्हता, घर चालवण्याचा होता. किशोरवयीन गायिकेविषयी लिहिताना पाश्चात्त्य अभ्यासक बहुधा 'तरुण ग्राहकवर्गाचा उदय' ही चौकट वापरतात. ती चौकट येथे जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरेल. येथे किशोरवय ग्राहकाचे नसून श्रमिकाचे आहे.

पातळ आवाज आणि रिकामी झालेली जागा

संगीतकार गुलाम हैदर यांनी 'शहीद' (१९४८) साठी लताबाईंचे नाव सुचविले असता निर्माते शशधर मुखर्जी यांनी आवाज फारच पातळ असल्याचे सांगून नकार दिला, ही हकिकत सर्वज्ञात आहे. हैदर यांनी त्याच वर्षीच्या 'मजबूर'मध्ये त्यांना संधी दिली. या प्रसंगाकडे केवळ एका पारख्याची दृष्टी विरुद्ध दुसऱ्याची चूक असे पाहणे मात्र अपुरे आहे. त्या वेळची प्रतिष्ठित शैली भरदार, काहीशी अनुनासिक व मैफलीशी नाते सांगणारी होती. नूरजहान, शमशाद बेगम, अमीरबाई कर्नाटकी, राजकुमारी हे आवाज त्या अभिरुचीचे मानदंड होते. मुखर्जींचा निर्णय त्या मानदंडानुसार सुसंगतच होता.

बदलले ते मानदंड, आणि त्यास संगीताइतकेच राजकारणही कारणीभूत झाले. फाळणीनंतर नूरजहान पाकिस्तानात गेल्या, आणि खुद्द गुलाम हैदरही लाहोरला परतले. मुंबईच्या चित्रसृष्टीत अग्रस्थानाची जागा रिकामी झाली. त्याच सुमारास ध्वनिक्षेपकाचे तंत्र सुधारत होते आणि मोठ्याने गाण्याची गरज कमी होत होती. हळुवार आवाजातील बारकावे टिपले जाऊ लागल्यावर पातळपणा हा दोष न राहता गुण ठरू शकत होता. दुसरी अडचण भाषेची होती. लोकलच्या प्रवासात अनिल विश्वास यांनी या मराठी मुलीची ओळख करून दिली असता दिलीपकुमारांनी मराठी गायकांच्या उर्दू उच्चारांना डाळभाताचा वास येतो अशा आशयाचा शेरा मारला, आणि त्यानंतर लताबाईंनी मौलवींकडे उर्दूची शिकवणी धरली, हेही त्यांनी स्वतः सांगितले आहे. 'महल'चे गीतकार नक्शब जारचवी यांचे शब्द उर्दू वळणाचे आहेत. ही शिकवणी झाली नसती तर ते त्यांच्याकडे येणे कठीण होते.

मालाडचे ध्वनिमुद्रण

बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता. १९४९ पर्यंत ही संस्था उतरणीला लागली होती, आणि अशोककुमार व सावक वाच्छा तिची धुरा सांभाळत होते. कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. मधुबाला त्या वेळी सोळा वर्षांची होती. पडद्यावरची आणि पडद्यामागची, दोन्ही तरुणी अशा वयाच्या असताना चित्रपटातील नायिका मात्र काळाच्या पलीकडची, जन्मजन्मांतरीची वाट पाहणारी छाया वाटावी, अशी अपेक्षा होती. या विसंगतीचे उत्तर संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी शोधले.

घड्याळात दोनचे टोले पडतात आणि ओसाड हवेलीत कोठून तरी स्वर येऊ लागतो. गीताचा आरंभीचा भाग तालाविना आहे; ध्रुपद येते तेव्हाच लय स्थिर होते. आवाज दुरून जवळ येत आहे असा आभास हवा होता, परंतु तशी यांत्रिक सोय नव्हती. तेव्हा खोलीच्या मध्यभागी ध्वनिक्षेपक ठेवून लताबाईंना एका कोपऱ्यातून गात गात त्याच्याजवळ चालत येण्यास सांगण्यात आले. नेमक्या ठिकाणी पोहोचताच नेमका शब्द पडावा यासाठी हे अनेकदा करावे लागले. आज ही गोष्ट गमतीची वाटते, पण तिचा परिणाम गीताच्या स्वरूपावर झाला. श्रोत्याला ऐकू येते ते अंतर बनावट नव्हे, तो खरोखर चाललेला रस्ता आहे.

निर्मात्यांत या गीताविषयी एकमत नव्हते. वाच्छांना ते चालेल असे वाटत नव्हते, तर अशोककुमारांना त्यावर विश्वास होता. खेमचंद प्रकाश त्यानंतर फार काळ जगले नाहीत. १० ऑगस्ट १९५० रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या गीताने काय घडवले याचा केवळ आरंभच त्यांना पाहता आला.

क्रमवारीआधीची लोकप्रियता

गीत गाजले याचा पुरावा काय? एकूण विक्रीच्या आकड्यांपेक्षा येथे एक वेगळा आणि अधिक बोलका पुरावा उपलब्ध आहे. नभोवाणीवर गीत वाजू लागताच 'ही गायिका कोण?' अशी विचारणा करणारी पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली. तबकडीवर 'कामिनी' एवढेच असल्याने निवेदकांपाशी उत्तर नव्हते. अखेर ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी करून गायिकेचे नाव मिळविण्यात आले व ते ध्वनिक्षेपित झाले. म्हणजे येथे लोकप्रियता मोजली गेली ती मतांनी वा खपाने नव्हे, तर प्रश्नांनी. श्रोत्यांनी गीताला क्रमांक दिला नाही. त्यांनी नाव मागितले.

क्रमवारी आली ती तीन वर्षांनी. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ने किरकोळ विक्रीवर आधारित राष्ट्रीय यादी जुलै १९४० मध्ये सुरू केली होती. ब्रिटनमध्ये पहिली क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. भारत या बाबतीत फारसा मागे नव्हता, हे कालमान आवर्जून नोंदवावे असे आहे. अमीन सयानी यांच्या कथनानुसार आरंभी हा क्रमवारीचा कार्यक्रम नव्हताच. सात गीते कोणत्याही क्रमाने वाजवली जात आणि श्रोत्यांनी लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा, अशी ती बक्षिसाची स्पर्धा होती. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रे आली, पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्याने दुकानांतील खप व श्रोतासंघांची मते यांवरून क्रम ठरवण्याची पद्धत आली. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी राहिले ते 'अनारकली'तील लता मंगेशकरांचेच गीत, आणि त्याचे संगीतकार होते पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र.

ही संधी सिलोनला मिळाली कशी, याचे उत्तरही एका मराठी माणसाशी निगडित आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ कमी केला, शिवाय चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात होय अशी भूमिका घेऊन ते नाव सांगणे बंद केले. निवेदनात उरले केवळ गायकाचे नाव. निर्मात्यांनी संतापून प्रसारणाची परवानगी काढून घेतली आणि श्रोते कोलंबोच्या लघुलहरींकडे वळले. केसकरांच्या धोरणावर आजवर भरपूर टीका झाली आहे व ती बहुतांशी रास्त आहे. तथापि एक गोष्ट या टीकेत हरवते. १९४९ मध्ये तबकडीवर पात्राचे नाव होते व गायिकेचे नव्हते. अवघ्या तीन वर्षांत शासकीय नभोवाणीवर चित्रपटाचे नाव गेले व गायिकेचे तेवढे राहिले. चित्रपटसंगीताचा तिटकारा करणाऱ्या मंत्र्याने पार्श्वगायकांच्या स्वतंत्र ओळखीस हातभार लावावा, हा इतिहासाचा एक खोडकर न्यायच म्हणावा लागेल.

विरारपलीकडील श्रोता

क्रमवारीच्या आकड्यांवर विसंबताना अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. दुकानातील खप आणि टपालाने आलेली पत्रे या दोन्ही गोष्टी दुकान, टपाल व साक्षरता जेथे आहे तेथीलच श्रोत्यांची गणना करतात. 'महल'चे ध्वनिमुद्रण जेथे झाले ते मालाड आणि पालघर एकाच लोहमार्गावर आहेत. परंतु १९४९ मध्ये विजेची लोकल विरारपर्यंतच धावत असे, आणि डहाणूपर्यंत उपनगरी सेवा पोहोचण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन उत्तर भागात, आजच्या पालघर जिल्ह्यात, रेडिओसाठी परवाना लागे व वीज नसलेल्या गावी तो बॅटरीवर चालवावा लागे. ज्यांच्या घरी तो होता त्यांच्या ओटीवर शेजारपाजारच्यांनी जमणे स्वाभाविक होते, पण गीतमालेच्या गणितात ओटीवरील वीस कानांची नोंद नाही. नोंद झाली तर एका पत्राची.

त्याहून पलीकडे वारली पाड्यांवर तारपा वाजत होता. दुधी भोपळा व बांबू यांपासून बनलेल्या या वाद्याभोवती रात्रभर फेर धरला जातो. येथे तबकडी नाही, विक्री नाही, आणि लोकप्रियतेला क्रमांक देण्याची गरजही नाही. या भागातील संगीतजीवनाचा इतिहास केवळ गीतमालेच्या याद्यांवरून लिहिला तर तारपा त्यात मुळीच दिसणार नाही. यादीत नाही म्हणून संगीत नव्हते, असा निष्कर्ष मग नकळत निघतो.

बोईसर-तारापूर परिसरात हे चित्र साठोत्तरी काळात पालटले. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले, पुढे बोईसरनजीक औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि देशाच्या विविध प्रांतांतून कामगार-तंत्रज्ञ येथे स्थायिक झाले. दरम्यान १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली होती आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिची जाहिरातसेवा सुरू झाली. ट्रान्झिस्टरमुळे विजेच्या तारेची अट उरली नाही. निरनिराळ्या मातृभाषांच्या या नव्या वस्तीत हिंदी चित्रपटगीत हा सामायिक दुवा ठरला असावा, असे म्हणण्यास वाव आहे. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'सारख्या फर्माइशीच्या कार्यक्रमांत गीताबरोबर श्रोत्यांची नावे व गावे वाचली जात. बिहारमधील (आता झारखंडमधील) झुमरी तलैया हे गाव तर केवळ फर्माइशींमुळे देशभर ठाऊक झाले. ज्या माध्यमाने गायिकेचे नाव प्रथम उच्चारले त्यानेच पुढे श्रोत्याचेही नाव उच्चारण्यास आरंभ केला, ही बाब क्रमवारीतील स्थानांइतकीच अभ्यसनीय आहे.

नाव आणि मोबदला

तबकडीवर नाव येणे ही पहिली पायरी होती. दुसरी अधिक अवघड होती. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले तेव्हा समारंभात त्यातील गीत गाण्यास लताबाईंनी नकार दिला, कारण पार्श्वगायकांसाठी पारितोषिकच नव्हते. १९५९ पासून ते देण्यात येऊ लागले आणि पहिले त्यांनाच मिळाले. त्यानंतर साठच्या दशकात त्यांनी तबकड्यांच्या विक्रीतील स्वामित्वधनात गायकाचा वाटा मागितला. मोहम्मद रफी यांचे मत असे होते की गायकाने ठरलेली बिदागी घेतली की त्याचा हक्क संपला. या मतभेदामुळे दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले. हा वाद दोन थोर कलावंतांच्या रुसव्याची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो श्रमाच्या स्वरूपाविषयीचा वाद होता. गाणे हे एकदा केलेले काम, की प्रत्येक वेळी वाजताना पुन्हा घडणारे काम? रफींच्या भूमिकेत निर्मात्याच्या जोखमीचे भान होते, हे मान्य केले पाहिजे. पण बाराव्या वर्षी जिने घर अंगावर घेतले, तिला दुसरे उत्तर अधिक खरे वाटले असल्यास नवल नाही.

कायद्याने तिची बाजू घेण्यास बराच विलंब लावला. १९५७ च्या कृतिस्वामित्व अधिनियमात कलावंतांच्या सादरीकरणाचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले, परंतु चित्रपटासाठी सादरीकरणास संमती दिलेल्या कलावंतास त्यांतून वगळण्यात आले. ती उणीव २०१२ च्या दुरुस्तीने दूर केली आणि व्यापारी वापरातील स्वामित्वधनावर गायकांचा हक्क मान्य झाला. गायकांची हक्कसंघटना २०१३ मध्ये स्थापन झाली. याच अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकते. 'कामिनी'च्या नावाची ती तबकडी १९४९ मध्ये प्रकाशित झाली असे धरल्यास तिची मुदत ३१ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे त्या दुरुस्तीच्या सुमारे अडीच वर्षे आधीच, संपली होती.